निमुळतं टोक: सिगार, धुमटी आणि आज्जीची कात्री

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळले तिथे थोडी डागडुजी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच.)

आजचा भाग तंबाखूवर आहे. सुरुवातीलाच सांगते, मी ओढत नाही आणि तुम्ही ओढावं असंही मला वाटत नाही. पण इतिहास सांगायचा तर नाक मुरडून चालत नाही.

तर झालं असं. आमच्या टीममधला एक जण दोन वर्षं ऑनसाइट राहून परत आला. मुळशीच्या बाजूला एका फार्महाऊसवर सगळे जमलो. जेवणं झाल्यावर त्याने एक लाकडी पेटी काढली. आत सहा सिगारी, आणि त्या सरळ नव्हत्या. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पेन्सिलला टोक केल्यासारख्या निमुळत्या. मग त्याने खिशातून दोन पात्यांचं एक चपटं यंत्र काढलं, त्यात बोटं घातली आणि आम्हा सगळ्यांचा क्लास घेतला. टोक किती कापायचं, कुठे कापायचं, जास्त कापलं तर काय होतं.

खरं सांगायचं तर क्लास चांगला होता. निमुळत्या सिगारीची गंमत अशी की तिचं टोक बंद असतं. पानाची एक छोटी टोपी झाडाच्या डिंकाने तिथे चिकटवलेली असते. ती कापल्याशिवाय धूर ओढताच येत नाही. सरळ सिगारीचं भोक तिच्या जाडीप्रमाणे ठरून जातं. निमुळतीला मात्र तुम्ही थोडंसं कापलंत तर भोक लहान, ओढ घट्ट, धूर एकवटून येतो. जरा खाली कापलंत तर भोक मोठं, ओढ सैल. म्हणजे शेवटचा निर्णय ओढणाऱ्याच्या हातात. फार खाली कापलं तर मात्र वरचं पान उलगडायला लागतं आणि सगळी सिगार वाया. गोल भोक पाडणारं पंच नावाचं हत्यार इथे चालत नाही, कारण टोकाला तेवढी रुंदीच नसते. पातंच लागतं.

त्याने एक सिगार कापली. तो कच्‌ असा आवाज आला आणि मी एकदम निपाणीत पोचले. कारण हा आवाज मी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज दुपारी ऐकलाय. आज्जीच्या कात्रीचा.

नव्या श्रोत्यांसाठी: मी नृसिंहवाडीची. शिरोळ तालुका, कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताचं देऊळ, बासुंदी, कवठाची बर्फी. आमचं पेढ्यांचं छोटं दुकान. पण माझं आजोळ निपाणीचं आणि आईची आई विड्या वळायची. आयुष्यातली जवळजवळ तीस वर्षं. शेवटी डोळ्यांनी दगा दिला तेव्हा ती वाडीला आमच्याकडे राहायला आली. येताना एक पत्र्याचा डबा घेऊन आली, त्याबद्दल पुढे सांगते.

त्या रात्री मित्राने एका सिगारीची किंमत सांगितली. मी मनात हजारीत हिशोब केला. हजारी म्हणजे हजार विड्या वळण्याची मजुरी. आणि मला प्रश्न पडला तो असा: विडीसुद्धा निमुळतीच असते की. तीही हातानेच वळतात, तिचंही पान कापावं लागतं, तिचंही टोक बंद करावं लागतं. मग एकाच कसबाची किंमत दोन टोकांना इतकी वेगळी का?

आधी थोडं मागे जाऊ.

१४९२ साली कोलंबसची माणसं क्यूबात उतरली, तेव्हा त्यांना तिथले लोक पानांची गुंडाळी पेटवून धूर घेताना दिसले. आत वाळलेला तंबाखू आणि बाहेर गुंडाळायला दुसरं एखादं पान. लक्षात घ्या, बाहेरचं पान दुसऱ्याच झाडाचं. म्हणजे आजच्या सिगारीपेक्षा ती गोष्ट आपल्या विडीच्या जास्त जवळची होती. पूर्ण तंबाखूच्याच पानांची सिगार, म्हणजे आत भरण, त्यावर बांधणीचं पान आणि सगळ्यात वर देखणं पान, ही नंतरची घडण.

आपल्याकडे तंबाखू पोर्तुगीजांनी आणला हे शाळेत वाचलेलं असतं. पण तो मुघलांकडे कुठून गेला माहितेय? आपल्या शेजारून, विजापुराहून! अकबराचा अधिकारी असद बेग सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला विजापूरला गेला होता. तंबाखू त्याने तिथे पहिल्यांदा पाहिला आणि नळीसकट सगळा थाट करून बादशहासमोर ठेवला. अकबराने एखाद-दोन झुरके घेतले. दरबारी वैद्याला ते पसंत पडलं नाही, त्यावर तिथेच वादही झाला. हे असद बेगने स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. तिचा काय उपयोग झाला ते आपण चारशे वर्षं बघतोच आहोत.

वाडीच्या माणसाला विजापूर काही परकं नाही. आमच्याकडे परंपरेने सांगतात की देऊळ विजापूरच्या आदिलशहाने बांधून दिलं आणि नदीपलीकडची औरवाड-गौरवाड ही गावं देवस्थानाला दिली. ही आख्यायिका म्हणूनच घ्या. पण विजापूर ते कृष्णाकाठ हा एकच मुलूख होता, एवढं त्यातून नक्की कळतं. तंबाखू विजापूरच्या बाजारात आला म्हणजे आपल्या वेशीपर्यंत आलाच होता.

आता शब्द बघा. विडा आणि विडी ही सख्खी भावंडं. संस्कृतातल्या वीटिकेपासून दोन्ही आले, म्हणजे गुंडाळलेलं पान. देवापुढे ठेवतो तो विडा, आणि देवळाच्या घाटाबाहेर टपरीवर मिळते ती विडी. आपल्या आजोबांच्या पिढीचा आणखी एक शब्द म्हणजे चिरूट. तो इंग्रजीतून आलाय असं वाटतं, पण इंग्रजांनी तो तमिळमधून उचलला. तमिळमध्ये सुरुट्टु म्हणजे गुंडाळी. त्रिचनापल्लीचे चिरूट इतके प्रसिद्ध होते की १८८७ साली शेरलॉक होम्स आपल्या पहिल्याच कादंबरीत राखेवरून ते ओळखतो.

आणि खास निमुळता प्रकार हवा असेल तर आपल्या गोव्यात या. तिथे धुमटी नावाची चीज होती. तंबाखूचं पान घ्यायचं, फणसाच्या किंवा कधी केळीच्या पानात शंकूसारखं गुंडाळायचं आणि ओढायचं. हा घरच्या घरी केलेला निमुळता सिगारच. गावाकडच्या बऱ्याच बायका ती उलटी ओढायच्या, म्हणजे पेटतं टोक तोंडात. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा असाच ओढतात. हे फक्त विचित्र म्हणून सांगत नाहीये. १९७६ साली गोव्यातल्या ५,४४९ गावकऱ्यांची तोंडं तपासून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विषय होता उलटी धुमटी आणि कर्करोगाच्या आधी तोंडात होणारे बदल. तोंडाच्या कर्करोगावर जगभर जे ज्ञान आहे, त्यात या गोव्याच्या, आंध्रच्या बायकांच्या टाळूंचा वाटा आहे. त्यांची नावं मात्र आपल्याला माहीत नाहीत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुन्हा लागेल.

आता विडीकडे येऊ.

घरगुती विडी जुनी, पण धंदा म्हणून विडी उभी राहिली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १८९९ च्या दुष्काळात गुजरातेतून बाहेर पडलेली काही कुटुंबं मध्य प्रांतात गेली. तिथे जबलपूरला १९०२ च्या सुमारास मोहनलाल पटेल आणि हरगोविंददास यांनी तेंदूच्या पानात विडी वळायला सुरुवात केली असं या धंद्याच्या इतिहासात नोंदलेलं आहे. तेंदू म्हणजे आपली टेंभुर्णी. पान मोठं, लवचीक, भिजवलं की फाटत नाही, वाळलं की आकार सोडत नाही. मग स्वदेशीची चळवळ आली, विलायती सिगारेटवर बहिष्कार आला, आणि विडीला देशभक्तीचाही टेकू मिळाला. महाराष्ट्रात सिन्नर, सोलापूर अशी मोठी केंद्रं झाली. आणि आमच्या भागात निपाणी.

निपाणीची खासियत म्हणजे तिथे तंबाखूच पिकतो. विडीचा तंबाखू देशात मुख्यतः दोन पट्ट्यांत होतो, एक गुजरातचं चरोतर आणि दुसरा हा निपाणीचा. त्यामुळे गावात एकीकडे वखारी, जिथे बायका दिवसभर तंबाखू कुटायच्या, चाळायच्या, आणि दुसरीकडे घराघरात विड्या वळणाऱ्या. गावात शिरलं की आधी वास यायचा. आई म्हणते आम्हाला तो वास येतच नव्हता, पाहुणे सांगायचे तेव्हा कळायचं.

आज्जीचा दिवस असा असायचा. रात्री पानं भिजत घालायची. सकाळी निथळून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. मग घरकाम उरकलं की पानं कापायची. एक पत्र्याचा तुकडा असायचा, विडीच्या मापाचा. तो पानावर ठेवायचा, शिरा टाळायच्या, आणि कात्रीने कच्‌ कच्‌ भोवतीने कापायचं. एका पानातून किती तुकडे निघतात यावर सगळं गणित, कारण पानं वजनावर मोजून मिळायची आणि विड्या नगावर मोजून द्यायच्या. पान वाया गेलं तर ते तुमचं नुकसान. मग मांडीवर सूप घ्यायचं, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं. पानावर चिमूटभर तंबाखू पसरायचा, अंगठ्याने वळायचं, एक बाजू बारीक, एक जाड. टोकं आत दुमडायची, दोरा मारायचा. वळणाऱ्या बाईचा हात बघितलात तर पाच आकडे मोजायच्या आत विडी तयार. असं दिवसाला सातशे, आठशे, कधी हजार.

मी एकदा हट्टाने दहा वळल्या होत्या. आज्जीने बघितल्या आणि हसली. म्हणाली, "अगं बाई, ह्या विड्या न्हवं, ह्या पुंगळ्या झाल्या. टोक सांभाळ. टोक बिघडलं की छाट."

छाट. माझ्या मित्राच्या क्लासमध्ये नसलेला शब्द.

सट्टेदार, म्हणजे कंपनी आणि कामगार यांच्यातला कंत्राटदार, संध्याकाळी विड्या मोजून घ्यायचा. त्यातल्या ज्या त्याला वाईट वाटतील त्या बाजूला काढायचा. टोक नीट नाही, सैल आहे, लांब आहे, आखूड आहे. या काढलेल्या विड्या म्हणजे छाट. त्याचे पैसे मिळत नाहीत. आणि गंमत बघा, छाट विड्या परतही मिळत नाहीत. पान गेलं, तंबाखू गेला, मेहनत गेली, आणि विडी सट्टेदाराकडेच राहिली. तिचं पुढे काय व्हायचं हे सगळ्या गावाला माहीत होतं.

आमच्याकडे बिल्ड फेल झाला तर फार तर रात्र जागावी लागते. पगार कापून माझा कोड दुसऱ्या कुणाला विकत नाहीत.

आता तो पत्र्याचा डबा. २०१९ च्या महापुरात वाडीतल्या आमच्या घरात पाणी शिरलं. एरवी आमच्याकडे पुराचं पाणी देवळात एका दाराने येऊन दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा म्हणून स्नानाला गर्दी होते. त्या वर्षी सोहळा वगैरे कुणाला आठवला नाही. पाणी ओसरल्यावर माळ्यावरचं सामान काढलं, त्यात हा डबा. आत कात्री, मापाचा पत्रा, दोऱ्याची रीळ आणि एक शंभरपानी वही. आज्जीला लिहिता येत नव्हतं. वही आईच्या अक्षरातली, ती शाळेत असतानाची. तारीख, पान किती, तंबाखू किती, विड्या किती दिल्या, छाट किती. छाटाचा आकडा कधी पन्नास, कधी ऐंशी. दिवाळीच्या आधी हमखास वाढलेला.

मी ती वही एक्सेलमध्ये उतरवायला बसले. आईला विचारलं, नोंदीवर कंपनीचं नाव आहे, आज्जीचं कुठेच कसं नाही? आई म्हणाली, "रजिस्टरवर तिचं नाव नव्हतंच गं. माल दुसरीच्या नावावर जायचा."

याचा अर्थ कळायला कायदा बघावा लागतो, आणि इथे मला तो धक्का बसला ज्यासाठी हा भाग केला.

१९६६ साली संसदेने एक कायदा केला. नाव: विडी आणि सिगार कामगार (नोकरीच्या शर्ती) अधिनियम. विडी आणि सिगार, एका ओळीत. मित्राच्या पेटीतली वस्तू आणि आज्जीच्या सुपातली वस्तू, कायद्याच्या नजरेत एकाच जातीचं काम. परवाना, कामाचे तास, रजा, आणि घरी बसून काम करणाऱ्या बाईलाही कामगार धरणं हे त्यात आलं. छाटावरून वाद झाला तर तो सोडवायची सोयसुद्धा त्यात होती. नियमांत छाटाच्या प्रमाणावर मर्यादा घातल्या. मालकांनी याला आव्हान दिलं, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधी आला. विड्यांवरच्या उपकरातून दवाखाने, घरासाठी मदत आणि कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती.

कागदावर उत्तम. फक्त हे सगळं मिळवायला तुमचं नाव कुठेतरी असावं लागतं. ओळखपत्र असावं लागतं. आणि काही सट्टेदार वीस बायकांचा माल चार बायकांच्या नावावर दाखवायचे, म्हणजे बाकीच्या सोळाजणी अस्तित्वातच नाहीत. आज्जी त्या सोळांतली. आई दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा तर आई विडी कामगार असल्याचा दाखला हवा. तो मिळाला नाही. आई अकरावीला गेली नाही. जी मुलगी रोज संध्याकाळी आईच्या हजारो विड्यांचा हिशोब लिहीत होती, तिच्याकडे आपली आई विड्या वळते याचा पुरावा नव्हता.

असं म्हणू नका की मग बायका गप्प बसल्या होत्या. निपाणीत १९८० च्या आसपास तंबाखूच्या वखारींतल्या हजारो बायकांनी संघटना उभी केली, संप केले. प्रा. सुभाष जोशी यांचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे. आणि या लढ्यावर एक चित्रपट आहे, 'तंबाखू चाकीला ऊब आली'. १९८२ सालचा, युगांतर या गटाने केलेला, दिग्दर्शन दीपा धनराज यांचं. त्याआधी याच गटाने पुण्याच्या घरकामगार बायकांवर 'मोलकरीण' केला होता. त्यातल्या बायका स्वतःच आपलं काम आणि आपला संप सांगतात. मिळाला तर जरूर बघा. मी पाहिला तेव्हा प्रत्येक चेहऱ्यात आज्जी शोधत होते. ती नव्हतीच, कारण ती वखारीत जात नव्हती, घरी वळायची. घरात वळणारीला संपही नीट करता येत नाही. दार बंद करून ती कुणाला अडवणार?

त्याच सुमाराला, मार्च १९८१ मध्ये, तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीत पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. हजारो माणसं बैलगाड्यांसकट रस्त्यावर बसली. ६ एप्रिल १९८१ ला पोलिसांनी गोळीबार केला आणि डझनभर शेतकरी मारले गेले. आमच्या भागात ही तारीख अजून विसरलेली नाही. निपाणी मराठी बोलणारी, राज्य कर्नाटक, महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्या म्हटलं तरी काही झालं नाही. त्यामुळे त्या गोळीबाराला सीमाप्रश्नाचीही किनार आहे. पण पिकवणारा, कुटणारी आणि वळणारी, तिघंही एकाच पानाला लटकलेली, आणि तिघांनाही आपापल्या मालाचा भाव दुसराच कुणी ठरवत होता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. एकाच कसबाची किंमत इतकी वेगळी का?

एक उत्तर असं: एकोणिसाव्या शतकात निमुळत्या सिगारी काही खास नव्हत्या, उलट त्यांचीच चलती होती. विसावं शतक सरकलं, साचे आणि यंत्रं आली, तशा सरळ सिगारी सोप्या आणि स्वस्त पडायला लागल्या. निमुळतं टोक हातानेच नीट जमतं, आणि तेही मुरलेल्या कारागिराच्या. मग निमुळती सिगार दुर्मीळ झाली आणि दुर्मीळ म्हणून महाग. पेटीवर लिहितात, पूर्ण हातकाम.

विडीचंही टोक हातानेच जमतं. विडी आजही मुख्यतः हातानेच वळतात. पण तिथे हातकाम म्हणजे चैन नाही. तिथे हात यंत्रापेक्षा स्वस्त आहे, म्हणून यंत्र येत नाही. म्हणजे किंमत हाताची किंवा टोकाची नाहीच. किंमत ठरते ती त्या हाताला 'नाही' म्हणता येतं की नाही यावर.

हे उगाच म्हणत नाही. क्यूबाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून एक प्रथा आहे. कामगार पानं वळत असतात आणि एक वाचक उंच जागी बसून त्यांना वर्तमानपत्र, कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवतो. सुरुवातीला त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून द्यायचे. १९३५ मध्ये निघालेल्या मोंतेक्रिस्तो सिगारीचं नाव अलेक्झांद्र द्युमाच्या कादंबरीवरून आलं, ती कामगारांची आवडती होती म्हणतात. हात गुंतलेले, कान मोकळे. पहिला पॉडकास्ट म्हणा हवं तर. मालकांना आणि सरकारला या वाचनाची धास्ती वाटायची, बंदीही आली, पण प्रथा टिकली.

आपल्याकडे केरळात कण्णूरला अगदी हेच झालं. विडी वळताना एकजण पेपर वाचायचा, बाकीचे ऐकायचे, त्याच्या वाटच्या विड्या इतर जण वळून द्यायचे. १९६६ चा कायदा लागू व्हायची वेळ आली तेव्हा बाहेरच्या काही मोठ्या कंपन्यांनी तिथलं काम गुंडाळलं आणि हजारो लोक बेकार झाले. त्यातून १९६९ मध्ये केरळ दिनेश विडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. विडीचा खप घटला तेव्हा ती संस्था खाद्यपदार्थ, छत्र्या, आणि हो, सॉफ्टवेअरच्या कामातही उतरली. सोलापुरातही विडी कामगार बायकांनी संघटनेच्या जोरावर २००६ मध्ये दहा हजार घरांची वसाहत मिळवली. हात तेच होते, फक्त मोजलेले होते.

इथे कुणी म्हणेल, विडीने माणसं मरतात, तिचं कौतुक कशाला? बरोबर आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट आत जात नाही, म्हणून विडी विझू नये यासाठी जोरात आणि वारंवार ओढावी लागते, आणि निकोटिन, डांबर सिगारेटपेक्षा जास्त जातं. वळणारीच्याही फुप्फुसात धूळ आणि कातडीतून निकोटिन जातंच. आज्जीचा खोकला आम्ही तिच्या सवयीचा भाग समजत होतो. विडी संपायलाच हवी. पण संपताना वळणाऱ्या बाईचं काय, हे विचारायला तिचं नाव तरी कुठे असायला नको?

आता ताजी गोष्ट. १९६६ चा तो कायदा आता वेगळा राहिलेला नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत तो विलीन झाला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. विडी-सिगारसाठी तिच्यात स्वतंत्र भाग आहे. फरक चांगला की वाईट हे पुढच्या काही वर्षांत कळेल. पण तुमच्या घरात कुणी विड्या वळत असेल, तर आज एक काम करा. त्यांचं ओळखपत्र आहे का बघा. असेल तर त्यावरचं नाव, जन्मतारीख, बँक खात्यावरचं नाव एकच आहे का बघा. नसेल तर ते कुणाच्या नावावर वळतायत हे विचारा. विचारताना थोडं अवघड वाटेल. माझ्या आईला विचारताना मलाही वाटलं होतं.

आज्जी २०२१ मध्ये गेली. कात्री पुरात गंजली होती, मी घासून तेल लावून ठेवलीय. मापाचा पत्रा मात्र जसाच्या तसा. आणि वहीच्या एक्सेलमध्ये मी डावीकडे एक रकाना वाढवला, 'कामगाराचं नाव'. प्रत्येक ओळीत एकच नाव आहे. ते मी इथे सांगणार नाही, घरातली गोष्ट आहे. आईने बसून सगळ्या ओळी तपासल्या. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, "इथं छाट चुकलाय तुझा. सत्तर न्हाई, सात आहे. त्या दिवशी त्याचा मूड बरा होता." मी दुरुस्त केलं.

पुढच्या भागात आपण वखार या शब्दाचा माग काढणार आहोत, सुरतेपासून सांगलीपर्यंत. तुमच्या घरात अशी एखादी वही, कार्ड, कात्री असेल तर मला नक्की कळवा. भेटूया. काळजी घ्या.